काळ्या दगडाखालच्या जुन्या भेगा

११ जुलै २०२१. रविवार होता, डवरणीचे दिवस होते आणि सकाळचे साडेआठ वाजले होते. महागाव, उमरखेड, पुसद भागात जमीन काही क्षण थरथरली. फळीवरची भांडी वाजली, टिनपत्रे खडखडले, माणसं घरातून अंगणात आली. धक्क्याची तीव्रता ४.४ रिश्टर भरली. दिवसभर वाहिन्यांवर बातमी चालली ती ‘नांदेडला भूकंप’ अशी. केंद्रबिंदू मात्र पैनगंगेच्या अलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात, साधूनगर परिसरात होता.

चूक बातमीदारांची म्हणावी, तर तिच्यामागे आपलीच एक जुनी समजूत उभी आहे. भूकंप हिमालयात होतात, कच्छात होतात, फार तर कोयनेला होतात. यवतमाळात दुष्काळ पडतो, पुराने पैनगंगा शेतं खरवडून नेते, वणी भागात उन्हाने पारा ४५च्या पुढे जातो, पण भूकंप? दख्खनचं पठार जुनं, कठीण आणि स्थिर आहे, हे वाक्य भूगोलाच्या पुस्तकांनी पिढ्यान्पिढ्या पाठ करून घेतलं. त्यातलं ‘जुनं’ खरं आहे. ‘कठीण’ही खरं आहे. पण जुनं आणि कठीण म्हणजे अखंड, असं आपण गृहीत धरलं, आणि घोटाळा तिथे झाला.

यवतमाळ तसा डोंगरांचा जिल्हा. अजिंठ्याच्या रांगेचे फाटे पश्चिमेकडून जिल्ह्यात शिरतात आणि पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेड या तालुक्यांतून पसरत जातात. यवतमाळ शहरच एका उंचवट्यावर बसलं आहे. उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या वळणात अभयारण्य आणि ‘बंदी भाग’ म्हणून ओळखली जाणारी जंगलातली गावं आहेत. घाट आहेत, खिंडी आहेत, टेकड्यांच्या अंगाखांद्यावर तांडे आहेत. तरीही हिमालयाच्या आणि या डोंगरांच्या जन्मकथेत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हिमालय जमीन दुमडून वर उठला, अजून उठतो आहे, आणि त्या उठण्यातच त्याचे भूकंप आहेत. पुसदचे डोंगर उठलेले नाहीत, ते उरलेले आहेत. सपाट पठार नद्या-नाल्यांनी कापत नेलं आणि मधे जे शिल्लक राहिलं त्याला आपण डोंगर म्हणतो. म्हणूनच त्यांचे माथे टेबलासारखे सपाट आणि उतार पायऱ्यांचे. त्या प्रत्येक पायरीत लाव्हाचा एकेक थर आहे.

हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या फटींतून वर आला, पसरला, थिजला आणि पुन्हा आला. काळा पाषाण, मांजऱ्या, मुरूम ही सगळी त्याचीच रूपं. विहीर खणणाऱ्याला हे थर तोंडपाठ असतात: इतके हात मुरूम, मग काळा, मग पुन्हा मांजऱ्या, तिथे पाणी. झरी जामणी तालुक्यात शिबला-पार्डी भागात हाच बेसॉल्ट थंड होताना असा आकसला की त्याचे षटकोनी खांब तयार झाले. एखाद्या पडक्या वाड्याचे दगड रचून ठेवल्यासारखे ते दिसतात, पण तिथे कुणाच्या छिन्नीचा काही संबंध नाही.

लाव्हा आला तेव्हा खालची जमीन कोरी पाटी नव्हती. तिच्यावर कोट्यवधी वर्षांचे घाव होते: भेगा, तुटलेले कडे, खचलेले पट्टे. लाव्हाने ते सगळं झाकलं. जुन्या भिंतीच्या भेगांवरून शेणामातीचा हात फिरवला की भिंत एकसंध दिसते, पण भेग बुजत नाही. सारवणाखाली ती तशीच असते. दख्खनच्या भूकंपांचं निम्मं कोडं यातच आहे. आपण वरचं सारवण पाहत आलो आणि भिंत पक्की असल्याचा निर्वाळा देत राहिलो.

हे झाकण सगळीकडे सारखं जाड नाही. कोयनेजवळ गोठणे गावी शास्त्रज्ञांनी ३ किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट कापल्यावर खालचा ग्रॅनाइटवर्गी खडक लागला. किल्लारीला हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने ६१७ मीटरचं भोक घेतलं. तिथे बेसॉल्ट ३३८ मीटरांवर संपला. पूर्वेकडे तो आणखी पातळ होत जातो आणि यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वणी-मारेगाव-झरी पट्ट्यात, जागोजागी संपूनच जातो. त्यामुळे यवतमाळ हा महाराष्ट्रातल्या अशा मोजक्या जिल्ह्यांपैकी एक आहे, जिथे झाकणही पाहता येतं आणि झाकणाखालचंही.

वणीला काय दिसतं? राजूरच्या चुनाभट्ट्यांना आणि मुकुटबनच्या सिमेंट उद्योगाला लागणारा चुनखडक दिसतो. तो अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला आहे आणि डायनासोरांच्याही फार आधीचा आहे. भूवैज्ञानिक त्याला पैनगंगेच्याच नावाने ओळखतात. आणि दिसतो तो कोळसा. राजूर, घोन्सा, उकणी या नावांमागे ‘कोलरी’ हा शब्द वणीकरांच्या तोंडी आपोआप येतो. हा कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडाझुडपांचा, हे शाळेत सांगतात. पण इतकी झाडं एकावर एक गाडली कशी गेली, हे सहसा कुणी सांगत नाही. दलदल एका जागी राहिली असती तर गाळाने भरून संपली असती. ती संपली नाही, कारण तिचा तळच खाली जात होता. आजच्या वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीच्या रेषेत जमिनीचा एक लांबलचक पट्टा दोन्ही बाजूंच्या भेगांमधून खचत गेला. वरून गाळ भरे, झाडं वाढत, गाडली जात, की तळ पुन्हा खाली. या खोऱ्यात साचलेल्या थरांची जाडी काही किलोमीटर आहे.

आणि जमीन भेगेवरून काही किलोमीटर खचते ती एका रात्रीत नाही. एका वेळी वीतभर, हातभर, कधी पुरुषभर. असा प्रत्येक झटका म्हणजे एक भूकंप. तेव्हा वणीचा कोळसा ही एका अर्थाने हजारो भूकंपांची मिळून एकच नोंद आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या कुठल्याही बखरीपेक्षा किंवा सरकारी दफ्तरापेक्षा जुनी आहे. खाणीतल्या माणसाला ती अगदी हाताने चाचपता येते. कोळशाचा थर सरळ चाललेला असतो आणि अचानक समोर वाळूचा दगड उभा राहतो. थर संपलेला नसतो, तुटून खाली किंवा वर सरकलेला असतो. ‘फॉल्ट आला’ असं खाणीत म्हणतात आणि तुटलेला थर कुठे गेला ते शोधत बसतात. भूकंपशास्त्राच्या पुस्तकात तोच शब्द त्याच अर्थाने असतो.

या खचलेल्या पट्ट्याच्या कडा आज कुठे आहेत? पूर्वेकडे, चंद्रपूर-तेलंगणात, त्या उघड्यावर आहेत. पश्चिमेकडे त्या बेसॉल्टखाली शिरतात आणि नजरेआड होतात. नैऋत्य कडेच्या भेगेला गोदावरीला मिळणाऱ्या कड्डम नदीचं नाव आहे. वायव्येकडे जाताना ती पैनगंगेच्या खोऱ्याखालून जात असावी, असं मानायला भूवैज्ञानिकांना एक आधार मिळतो तो गरम पाण्याच्या झऱ्यांचा. पैनगंगेच्या नांदेडकडच्या बाजूला, किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. शरभंग ऋषींच्या अंगावरची व्याधी जावी म्हणून रामाने बाण मारून ऊन पाणी काढलं, अशी तिथली कथा. यवतमाळच्या बाजूला कापेश्वर आहे. बाण कुणी मारला ते असो, पण पाण्याचं तापमान हिशेबात धरण्यासारखं आहे. या भागातल्या विहिरीचं पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं असतं, उनकेश्वरचं चाळिशीच्या घरात. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण पंचवीस ते तीस अंशांनी वाढतं. म्हणजे हे पाणी निदान अर्धा किलोमीटर तरी खोल जाऊन आलेलं आहे. साध्या विहिरीचं पाणी इतकं खाली जात नाही. खोल भेग असल्याशिवाय हा प्रवास जमत नाही.

भेगा आहेत, हे झालं. त्या आज का हलाव्यात? कारण भारताचा सगळा भूखंड वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर वेगाने ईशान्येकडे सरकतो आहे आणि तिबेटला जाऊन रेटतो आहे. नखं वाढतात त्याहून किंचित जास्त हा वेग. रेटा हिमालयाला बसतो तसा मागे दख्खनलाही बसतो. तिथे तो फारच संथ साठतो, पण साठतो. जुनी भेग त्या रेट्याच्या दिशेला आडवी सापडली आणि तिची घट्ट बसण्याची ताकद कुठल्याशा कारणाने कमी झाली, की ती सरकते. हे ‘कुठलंसं कारण’ बहुतेक वेळा पाणी असतं.

याचा धडा महाराष्ट्राने कोयनेला घेतला. १९६२ साली कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागलं आणि लवकरच लहान धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, १८०च्या आसपास माणसं मेली, वीजनिर्मिती थांबल्याने मुंबई अंधारात गेली. मुख्यमंत्रिपदावर तेव्हा पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक होते. पैनगंगा-पूसच्या डोंगरातल्या तांड्यावर वाढलेल्या माणसाच्या कारकिर्दीत दख्खन स्थिर असल्याचा समज मोडला, हा निव्वळ योगायोग. पण यवतमाळकरांच्या आठवणीत नाईकसाहेबांची हरितक्रांती असते, १९७२चा दुष्काळ असतो, कोयनेची ती पहाट क्वचितच असते. धरणाच्या भिंतीत बसवलेल्या यंत्राने त्या हादऱ्याची जी नोंद केली, ती पुढे जगभरच्या अभियंत्यांनी धरणांची आखणी करताना वापरली.

कोयनेनंतर समजूत थोडी सुधारली, पण तिने सोयीची पळवाट काढली: धरण असेल तिथेच धोका, बाकी पठार सुरक्षित. देशाच्या भूकंपप्रवण नकाशात लातूर-उस्मानाबादचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीने तो नकाशा फाडला. तीव्रता ६.२. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसं गेली. प्रत्यक्षात अधिक गेल्याचंही बोललं जातं. ५२ गावं पार झोपली. पुढे नकाशातला तो सर्वांत सुरक्षित पट्टा देशभरासाठीच काढून टाकण्यात आला. तेव्हापासून बिनधोक असं ठिकाण भारतात कागदावरही नाही.

किल्लारीबद्दल दोन गोष्टी यवतमाळने नीट समजून घ्याव्यात. पहिली अशी की, १९९२च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे वर्षभर आधी, तिथे लहान धक्क्यांची मालिका झाली होती. लोक घाबरून बाहेर झोपले, मग धक्के थांबले, लोक आत गेले. दुसरी अशी की, किल्लारीच्या आसपास त्याआधी मोठ्या भूकंपाची आठवण कुणालाच नव्हती. भूकंपानंतर शोध घेणाऱ्यांना जवळच्या तेर या प्राचीन गावी, मातीच्या थरांत, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका हादऱ्याच्या खुणा सापडल्या. सातवाहनांच्या काळी नावाजलेली ही बाजारपेठ. म्हणजे इथल्या भेगा हजार-हजार वर्षं झोपतात. आमच्याकडची हेमाडपंती देवळं सातशे-आठशे वर्षं उभी आहेत, तेव्हा भूकंपाची काय भीती, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. तेरच्या मातीपुढे तो टिकत नाही. सातशे वर्षं हा या हिशेबात फार थोडा काळ आहे.

आता पैनगंगेच्या खोऱ्याकडे वळू. गेल्या दोन दशकांत या भागाने बऱ्याच नोंदी केल्या आहेत. २००६ पासून नांदेड शहरात जमिनीतून आवाज आणि बारीक हादरे सुरू झाले. ते काही वर्षं अधूनमधून चालले, मोठ्यात मोठा धक्का ३च्या आसपास होता. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे हे गाव गूढ आवाजांसाठी वर्तमानपत्रांत वारंवार झळकलं. २०२१ला साधूनगरचा ४.४. मग २१ मार्च २०२४, सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी ४.५ आणि पुढच्या दहा-अकरा मिनिटांत ३.६, दोन्ही हिंगोली जिल्ह्यात. १० जुलै २०२४, सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५, कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांडा भागात; तो हिंगोली, नांदेड, परभणीसह यवतमाळच्या उमरखेड, पुसद, महागाव पट्ट्यातही जाणवला. त्याच वर्षी ४ डिसेंबरला तेलंगणातल्या मुलुगूजवळ ५.३चा धक्का झाला. तो खोलवरचा होता, म्हणून गडचिरोली-चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत पोचला.

‘गूढ आवाज’ हा शब्द वर्तमानपत्रांनी चालवला. त्यात गूढ काही नाही. भूकंपातून दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली खडक दाबत-सोडत जाते, म्हणजे तिची चाल ध्वनीचीच असते, आणि कठीण बेसॉल्टमधून ती सेकंदाला पाच-सहा किलोमीटर धावते. दुसरी खडकाला आडवं हलवत मागून येते. लहान भूकंपाची कंपनं जलद असतात. मऊ गाळात ती विरून जातात, काळ्या पाषाणात विरत नाहीत. भूकंप उथळ असेल तर पहिली लाट जमिनीच्या पृष्ठभागाला आपल्या कानाला ऐकू येईल इतक्या वेगाने थरथरवते आणि हवेत गडगड उमटते. सेकंदा-दीड सेकंदाने दुसरी लाट येते आणि भांडी हलतात. ‘आधी आवाज आला, मग हादरलं’ असं गावकरी सांगतात ते शब्दश: बरोबर असतं. वणी भागात मात्र एक पथ्य पाळावं लागतं: तिथे दुपारच्या ठरलेल्या वेळी खिडक्या हादरल्या तर आधी कोळसा खाणीतल्या ब्लास्टिंगची चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट नेहमी गोंधळ करते. बातमीत केंद्रबिंदूचं गाव आणि ‘खोली १० किलोमीटर’ असा तपशील येतो आणि लोक त्या गावाकडे संशयाने पाहू लागतात. जवळपास मोजकीच यंत्रं असतील तर केंद्रबिंदू काही किलोमीटर इकडेतिकडे होतो. नकाशावरच्या त्या ठिपक्याजवळ ज्या वस्तीचं नाव छापलेलं असेल ती बातमीत येते. आणि खोली नीट काढण्याइतक्या नोंदी नसतील तर गणितात सुरुवातीला धरलेला १० हा आकडा अनेकदा तसाच राहतो. साधूनगरच्या किंवा रामेश्वर तांड्याच्या लोकांनी काही केलेलं नसतं. त्यांच्या पांढरीला दोष देऊ नये.

मग दोष कुणाचा? इसापूरचा, असं उत्तर पुसदपासून कळमनुरीपर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर मिळतं. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचं हे मातीचं धरण पुसद आणि कळमनुरी तालुक्यांच्या सीमेवर आहे, आणि कोयनेची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे. शंका रास्त आहे, उत्तर घाईचं आहे. धरणामुळे भूकंप होतात असं म्हणायला धक्क्यांची संख्या पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होताना दिसावी लागते. कोयनेला ती दिसते; पावसाळ्यात जलाशय भरला की पुढच्या महिन्यांत धक्के वाढतात, आणि हे दशकानुदशकांच्या नोंदींवरून सिद्ध झालेलं आहे. इकडचे मोठे धक्के मात्र एकदा मार्चमध्ये आणि दोनदा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाले, म्हणजे जलाशय भरून वाहण्याच्या काळात नाहीत. इतक्या थोड्या नोंदींवर मी तरी इसापूरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार नाही. शिवाय किल्लारीजवळ तेरणेचा तलाव होता, तो अगदीच लहान. तो कारण होता की नाही यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

लोकांना खरा प्रश्न वेगळाच विचारायचा असतो: हे किल्लारीसारखं होईल का? ४.५ आणि ६.२ या आकड्यांत अंतर थोडं वाटतं. पण रिश्टरची एक पायरी चढली की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. त्या हिशेबाने हिंगोलीच्या धक्क्यासारखे साडेतीनशे धक्के एकत्र केले तर एक किल्लारी होते. लहान धक्क्यांनी ‘गॅस निघून जातो’ आणि मोठा टळतो, ही समजूत म्हणूनच फोल आहे. एवढ्याशा गळतीने टाकी रिकामी होत नाही. उलट बाजूने, लहान धक्के आले म्हणजे मोठा येणारच, हेही खरं नाही. नांदेडची मालिका विरून गेली. शहापूर तालुक्यात भातसा धरणाजवळ १९८३-८४ मध्ये मालिका झाली, तीही थांबली. पालघरच्या डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून हजारो धक्के बसले, आदिवासी कुटुंबांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या, शाळा उघड्यावर भरल्या; मोठा भूकंप झाला नाही. किल्लारीला वर्षभराने झाला. कुठली मालिका कोणत्या वाटेने जाईल, ते आधी सांगणारं शास्त्र जगात कुणाकडे नाही. जो छातीठोकपणे तारीख सांगतो, त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

भूकंप किती खोल, यावर बरंच ठरतं. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात ६च्या वरचा भूकंप झाला, म्हणजे आकड्याने जवळजवळ किल्लारीएवढा. तो मध्य भारतात दूरवर जाणवला, पण त्याचा उगम सुमारे ४० किलोमीटर खोल होता. वर पोचेपर्यंत जोर पसरून गेला आणि हानी नावापुरती झाली. २२ मे १९९७चा जबलपूरचा भूकंपही असाच खोल, ५.८चा, तरी तिथे चाळीसच्या आसपास माणसं मेली, कारण शेजारी दाट वस्तीचं शहर होतं. किल्लारीचा भूकंप उथळ होता, अगदी घरांच्या पायाखाली. आणि ती घरं माळवदाची होती: दोन-दोन हात जाडीच्या भिंती, आत-बाहेर दगड, मधे चिखल आणि गोट्यांची भर, वर लाकडावर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात गार, चोराला अवघड, आणि हादऱ्यात जीवघेणी. भिंतीचे आतले-बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते. हलताच भिंत उभी चिरली, दोन्ही पापुद्रे दोन बाजूंना गेले आणि माती झोपलेल्या माणसांवर आली.

यवतमाळच्या डोंगरातलं घर वेगळं. कुडाच्या भिंतीचं, कवेलूचं घर भूकंपात वाकतं, कुरकुरतं, कवेलू ओघळतात, पण ते माणसाला गाडत नाही. गरिबाच्या घराची ही एक गोष्ट इथे त्याच्या बाजूने होती. आता कुड गेला, कवेलू गेले, माकडांनी आणि मजुरीने ते परवडेनासे केले. त्याजागी विटांच्या बारीक भिंती आणि टिनपत्रे आले. पत्रा वादळात उडू नये म्हणून वर दगड. २१ मार्च २०२४च्या धक्क्यानंतर नांदेडच्या प्रशासनाने लोकांना जी सूचना दिली, ती मला त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची वाटते: पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या. पाच-सात किलोचा धोंडा आठ-दहा फुटांवरून अंथरुणावर पडायला ६ रिश्टर लागत नाहीत, ४.५ पुरतात. पत्रा लाकडाला किंवा अँगलला हुक-बोल्टने आवळला तर वादळातही जागचा हलत नाही, आणि डोक्यावर दगड राहत नाही. हा खर्च गवंड्याच्या एका दिवसाच्या मजुरीत बसणारा आहे.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीने जो पुनर्वसन कार्यक्रम झाला, त्यात नवी गावं वसली त्याची चर्चा जास्त झाली. त्याच्या जोडीने तेरा जिल्ह्यांतली जवळपास दोन लाख घरं दुरुस्त किंवा मजबूत करण्याचं काम झालं, ते मला अधिक मोलाचं वाटतं. त्यातल्या युक्त्या गावच्या गवंड्याला जमणाऱ्या होत्या. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार लांब दगड घालायचा, म्हणजे दोन पापुद्रे बांधले जातात. दारं-खिडक्यांच्या वर घराभोवती एक सळईचा काँक्रीट पट्टा फिरवायचा, म्हणजे चारही भिंती एकत्र हलतात. कोपऱ्यांत सळई द्यायची. माळवदावरची माती उतरवून हलकी करायची. आज उमरखेड-महागावला घरकुलं होतात, स्लॅब पडतात. तिथे दारावर तेवढ्यापुरता तुकडा टाकला जातो, पट्टा पूर्ण फिरवलेला क्वचित दिसतो. वाचणारे पैसे थोडे असतात.

या सगळ्या ज्ञानाची सुरुवात नोंदींपासून झाली, आणि भारतातली तिची कथा मजेशीर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या थॉमस ओल्डहॅम यांनी जुनी पत्रं, वर्तमानपत्रं, प्रवासवर्णनं चाळून देशातल्या भूकंपांची यादी केली. ती त्यांच्या मागे, १८८३ मध्ये, मुलगा रिचर्ड ओल्डहॅम यांनी प्रसिद्ध केली. या मुलाने १८९७च्या आसामच्या महाभूकंपाचा अभ्यास करताना दोन प्रकारच्या लाटा वेगळ्या ओळखल्या, त्याच ज्या पांगरा शिंदेत आधी ऐकू येतात आणि मग जाणवतात. त्या भूकंपानंतर मुंबईत कुलाब्याला भूकंपमापक बसला. तेव्हा यवतमाळ जिल्हा ‘वणी’च्या नावाने, इंग्रजी दफ्तरात ‘वून’ म्हणून ओळखला जात होता. १९०५ ला तो यवतमाळ झाला. ओल्डहॅम यांच्या यादीत नाव यायचं तर जवळपास पत्र लिहिणारा साहेब हवा, तार ऑफिस हवं, छापखाना हवा. पैनगंगेच्या जंगलातल्या तांड्यावर शंभर वर्षांपूर्वी ४.५चा धक्का बसला असता तर तो कुणाच्या यादीत गेला असता? यवतमाळला भूकंपाचा इतिहास नाही असं जे म्हटलं जातं, त्यातला मोठा भाग इतिहास लिहिणारा नव्हता एवढाच आहे.

आता तार ऑफिसची गरज उरली नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर धक्का जाणवलेल्या कुणालाही माहिती भरता येते. प्रश्न साधे असतात: धक्का बसला तेव्हा तुम्ही घरात होता की बाहेर, झोपला होता का, टांगलेल्या वस्तू हलल्या का, भांडी पडली का, भिंतीला तडा गेला का. यंत्रं जिथे विरळ आहेत तिथे अशा उत्तरांवरूनच हादऱ्याच्या जोराचा नकाशा भरतो. बंदी भागात रेंज मिळेल तेव्हा, त्याच दिवशी, दुसरा धक्का पहिल्याच्या आठवणीत मिसळण्याआधी ते भरावं. वेळ मिनिटासकट लिहावी, आणि आवाज आला असेल तर तो हादऱ्याच्या आधी आला की नंतर, तेही.